अंडकोश दिसला नाही म्हणून ती मादी होत नाही

रत्नागिरी-चिपळूणकडच्या प्राणीपाळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत 'पाळीव उंदराचं पिल्लू नर की मादी, पाच मिनिटांत ओळखा' असा एक मजकूर फिरतोय. फिरत फिरत तो गुहागरच्या माझ्या भाच्याकडे पोचला. त्यावर विसंबून त्याने वाढ मागे पडलेलं एक पिल्लू 'मादी' ठरवलं आणि बहिणींच्या पिंजऱ्यात सोडून दिलं. म्हणून हे उत्तर. (उंदीर म्हणजे इथे मोठा पाळीव उंदीर, इंग्रजीतला 'रॅट'.)

मजकुरात म्हटलंय ते थोडक्यात असं. एक, पाच आठवड्यांत अंडकोश दिसला नाही तर ती मादीच. दोन, पोटावर स्तनाग्रं दिसली नाहीत तर नर. तीन, शंका असेल तर पिल्लू कोमट पाण्यात धरून पोट हलकेच दाबा, 'असेल तर बाहेर येईल'. चार, लहानखुऱ्या पिल्लाची काळजी नको, भावंडं एकमेकांना लागत नाहीत, तीन महिने खुशाल एकत्र ठेवा. पाच, दोऱ्याला अंगठी बांधून पिल्लावर धरा, गोल फिरली तर मादी.

पहिले दोन मुद्दे लिहिणाऱ्याने एकदा एकत्र तरी वाचायचे होते. सहा आठवड्यांचं, किरकोळ, अंगभर केस आलेलं पिल्लू हातात घ्या. अंडकोश दिसत नाही, म्हणून मादी. स्तनाग्रं दिसत नाहीत, म्हणून नर. झालं निदान!

पण सगळ्यात घातक मुद्दा चौथा. उंदराला बहीण कळत नाही, आईही कळत नाही. मादी पाच-सहा आठवड्यांची झाली की माजावर येऊ शकते. गाभण राहिली नाही तर दर चार-पाच दिवसांनी माज परत येतो, तोही बहुधा रात्री, आणि नराचं काम काही मिनिटांत उरकतं. तुम्ही झोपलेले असता. गर्भाचा काळ २१ ते २३ दिवस. आता हिशेब मांडा. सहाव्या आठवड्यात गाभण राहिली तर नवव्या आठवड्यात व्याली. व्याल्यावर २४ तासांच्या आत ती पुन्हा माजावर येते आणि नर त्याच पिंजऱ्यात असतो. अंगावर पिल्लं पीत असताना पुढचा गर्भ रुजायला काही दिवस उशीर होतो, तरी तेराव्या आठवड्याच्या आसपास दुसरं वेत हजर. म्हणजे ज्या तीन महिन्यांत 'काही होत नाही' म्हणे, त्यात दोन वेतं होऊ शकतात, आणि एका वेताला आठ-दहा पिल्लं सहज असतात. हे झालं एका मादीचं. पिंजऱ्यात तीन बहिणी असतील तर गुणाकार तुम्हीच करा. शिवाय ही आई स्वतःच अर्धवट वाढलेली. तिच्या हाडांत जाणारं पोषण पिल्लांकडे वळतं आणि वितानाच ती अडू शकते. पुण्या-मुंबईत उंदरावर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर शोधले तर सापडतात. आपल्याकडे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाय, बैल, शेळी, कुत्रा एवढंच बहुतेक वेळा बघितलं जातं. अडलेली उंदरीण रात्री कुठे नेणार?

यात अर्धं खरं एवढंच की, मादीचं वयात येणं वयापेक्षा वजनाशी जास्त बांधलेलं असतं, त्यामुळे वाढ मागे पडलेली मादी उशिरा माजावर येते. कबूल. पण हा उशीर आठवड्यांत मोजायचा असतो आणि तो त्या एका पिल्लापुरता असतो. ते पिल्लू नर निघालं तर त्याच्या बहिणी मात्र वेळेवर मोठ्या झालेल्या असतात. म्हणूनच नर-मादी पाचवा आठवडा संपायच्या आत वेगळे करायचे, आईपासून नर पिल्लंसुद्धा.

आता अंडकोशाचं. बऱ्यापैकी पोसलेल्या नराचे वृषण चौथ्या-पाचव्या आठवड्यात खाली उतरतात आणि मग चुकायला जागा राहत नाही, हेही मान्य. अडचण उलट बाजूने येते. 'दिसला' म्हणजे नर, हे बरोबर. 'दिसला नाही' याचा अर्थ काहीच नाही. अशक्त पिल्लात वृषण उतरायला वेळ लागतो. आणि उतरलेले असले तरी उंदराच्या जांघेतली वाट आयुष्यभर उघडी राहते, त्यामुळे घाबरला किंवा गारठला की नर ते पुन्हा पोटात ओढून घेतो. मे महिन्यात रत्नागिरीच्या उकाड्यात पसरलेल्या नराला कोणीही ओळखेल. तोच नर डिसेंबरच्या पहाटे दापोलीत, नवख्या माणसाच्या थंड हातात, मादीसारखा दिसतो.

जिथे ही चूक परवडत नाही तिथे काय करतात ते बघा. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४४३ क्रमांकाची चाचणी-मार्गदर्शिका २०११ साली आली. रसायनांचा उंदरांच्या पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो ते तपासण्यासाठी प्रयोगशाळा ती वापरतात. तिच्यात अंडकोशाची वाट बघत बसत नाहीत. जन्मानंतरच्या पहिल्या चार दिवसांत गुद आणि लघवीचा उंचवटा यांमधलं अंतर मोजतात. नरात ते मादीच्या जवळपास दुप्पट असतं. बाराव्या-तेराव्या दिवशी नर पिल्लांची स्तनाग्रं तपासतात, कारण निरोगी नराला ती नसायला हवीत. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे, अंतर मोजलं त्याच दिवशीचं वजन घ्यायला सांगतात आणि अंतराला वजनाच्या घनमुळाने भागतात. कारण साधं आहे: पिल्लू छोटं तर अंतरही छोटं. वाढ खुंटलेल्या नराचं अंतर धष्टपुष्ट बहिणीशेजारी 'मादीसारखं' वाटतं ते यामुळेच. तुलना करायची तर सारख्या चणीच्या पिल्लाशी करा, भले ते वयाने आठवडाभर धाकटं असो.

स्तनाग्रांचा मुद्दा त्यामानाने सोपा. मादीला ती १२ असतात, सहा जोड्या. आठव्या-नवव्या दिवसापासून, पोटावर दाट केस येईपर्यंत स्वच्छ दिसतात. तेव्हा बघून नोंद केली असेल तर पुढचा सगळा घोळ टळतो. केस आल्यावर एक जोडी जरी सापडली तरी मादी. नाही सापडली तर अंदाज बांधायचा नाही.

'तीन छिद्रं मोजा, तीन असतील तर मादी' हा सल्लाही बरेच जण देतात. मोठ्या मादीत तो चालतो. पण योनीचं तोंड पातळ पडद्याने बंद असतं आणि साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात उघडतं. कमी वजनाच्या मादीत आणखी उशिरा. तोवर तिलाही दोनच छिद्रं दिसतात, आणि लघवीचा उंचवटा इतका ठसठशीत असतो की तो नराचाच वाटतो.

तिसरा मुद्दा, पाण्याचा. ऊब मिळाली की वृषण खाली येतात, एवढाच त्यात खरा अंश. पण पाण्यात धरलेलं पिल्लू भेदरतं आणि भेदरलं की वृषण वर जातात. म्हणजे उत्तर चुकीचंच मिळणार. ओलं झालेलं छोटं पिल्लू झपाट्याने गारठतं. पाळीव उंदरांत श्वसनाचे आजार आधीच फार, ते अशा वेळी उसळतात. आणि पोट अजिबात दाबायचं नाही. तिथे मूत्राशय आहे, यकृत आहे.

योग्य रीत अशी. पिल्लू झोपेतून उठलं की त्याला सुती फडक्यात मांडीवर दहा मिनिटं ऊब घेऊ द्या. मग एक तळहात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली देऊन तोंड वर, शेपूट खाली असं उभं धरा, म्हणजे वजनाने वृषण खाली येतील. शेपूट बाजूला करायची तर मुळाशी. टोकाला धरून उचललं तर कातडी सोलून हातात येते. दुसऱ्या माणसाने उजेडात फोटो काढावा आणि तो मोठा करून बघावा. लघवीच्या उंचवट्यापासून गुदापर्यंत केस नसलेली बारीक पट्टी असेल तर कल मादीकडे. केस असतील, जागा लांब आणि किंचित फुगीर असेल तर कल नराकडे. पोटावरचे केस ओल्या कापसाने भांग पाडल्यासारखे बाजूला करून काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजू बघा. तीन-चार दिवसांनी पुन्हा तेच, त्याच कोनातून फोटो, आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन. तीन आठवड्यांचं पिल्लू ४० ते ५० ग्रॅमचं असतं. पाच आठवड्यांचं पिल्लू अजून तिथेच अडकलं असेल तर लिंगाआधी आहार बघा. नुसती पेज-भात आणि खोबऱ्याचा तुकडा यावर उंदीर वाढत नाही. उकडलेलं अंडं, शिजवलेले कुळीथ, मीठ नसलेली मासळी थोडी थोडी द्या.

निकाल लागेपर्यंत ते पिल्लू ना बहिणींत, ना भावांत. नर निघाला तर बहिणी गाभण, मादी निघाली तर तीच गाभण. तिसरा छोटा पिंजरा करा आणि तो भावंडांच्या पिंजऱ्याशेजारी ठेवा, म्हणजे वास-आवाज मिळतो आणि ते खंगत नाही. दोन पिंजऱ्यांत चार बोटं अंतर सोडा. जाळीला जाळी लावून ठेवू नका. गजांमधली फट अर्ध्या इंचापेक्षा मोठी नको. पक्ष्यांचे बरेच पिंजरे इथेच बाद होतात, किरकोळ पिल्लू त्यातून रात्रीत निसटतं. 'दिवसातून दहा मिनिटं भेटू दे' हेही नको, वर सांगितलेली ती काही मिनिटं त्यात सहज बसतात.

पाचव्या मुद्द्याला उत्तर देत नाही. अंगठी बोटात घाला.