दहा पिक्चरांची यादी आणि मस्कतचा शुक्रवार

आमच्या दहावीच्या ग्रुपवर एकाने टाकलं, आयुष्यातले सगळ्यात आवडते दहा पिक्चर सांगा, विचार न करता, आत्ताच्या आत्ता. मी मस्कतला, इथे शुक्रवार म्हणजे सुट्टी, नऊ वाजता उठून चहा ठेवला आणि फोन बघतो तर वेंगुर्ल्यात साडेदहा वाजलेले आणि तिकडे कुरुक्षेत्र पेटलेलं. विचार न करता म्हणाले होते खरे, पण प्रत्येकजण विचार करूनच टाकत होता, म्हणजे आपली यादी बघून लोक काय म्हणतील याचा विचार.

पहिला वाद नेहमीचाच, मराठी किती आणि इतर किती. एकाच्या यादीत दहापैकी सहा डब केलेले साउथचे, तर त्याला लगेच लाज काढून झाली. मग मास्तर झालेला आमचा एक मित्र आला, त्याच्या यादीत १९३६ चा 'संत तुकाराम' (तो १९३७ ला व्हेनिसला गाजला होता हे पण लिहिलंन), 'सामना', 'सिंहासन', सगळं कसं अभ्यासक्रमाला लावल्यासारखं. मग 'श्यामची आई' एक नंबरला पाहिजे की नको यावर दोन तास. साने गुरुजी पालगडचे, म्हणजे आपल्या कोकणातले, आणि पिक्चरला पहिलंवहिलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक, म्हणून तो पहिला, विषय संपला असं एकाचं म्हणणं. मी विचारलं, बाबा रे, तू तो शेवटचा कधी बघितलास? गप्प.

त्यात कोणीतरी ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकाची जागतिक यादी आणून टाकली. १९५२ पासून दर दहा वर्षांनी ते लोक समीक्षकांना प्रत्येकी दहा पिक्चर विचारतात. १९५२ ला 'बायसिकल थीव्ह्ज' पहिला आला, तेव्हा तो पिक्चर जेमतेम चार वर्षांचा होता. मग १९६२ ते २००२ प्रत्येक वेळी 'सिटिझन केन', २०१२ ला 'व्हर्टिगो', आणि २०२२ ला एकदम शांताल आकरमन या बाईंचा १९७५ चा 'जान डीलमन', ज्यात तीन तासांच्या वर एक बाई घरकाम करते, बटाटे सोलते, भांडी घासते, वगैरे. ग्रुपवर हसून पुरेवाट. मला मात्र ते वाचून बरं वाटलं, कारण सोळाशेच्या वर शिकलेली माणसं मत देऊनसुद्धा पहिला नंबर जर असा हलत असेल तर आमच्या बत्तीस जणांचं एकमत होत नाही म्हणून भांडण्यात काय अर्थ आहे. आणि मेसमध्ये वीस माणसांचा कांदा सोललाय मी, घरकामाचा पिक्चर होऊ शकतो हे मला कोणी पटवायला नको.

तर मी माझी यादी टाकली नाही, एवढंच लिहिलं की आवडता पिक्चर वेगळा आणि दुसऱ्याला दाखवता येईल असा पिक्चर वेगळा, तुम्ही दोन्हीची खिचडी करताय. लगेच उत्तर आलं, "तू थंय वाळवंटात बसान आमका शिकवतंस?"

आता हे मला का वाटतं ते सांगतो. माझा रूममेट त्रिशूरचा. इथे मस्कतच्या रुवी भागात मल्याळी लोक भरपूर, त्यांचा नवीन पिक्चर आला की थिएटर भरतं, ड्युटी बदलून जातात. पहिल्या वर्षी त्याने मला 'कुंबळंगी नाइट्स' (२०१९) दाखवला, कोचीजवळच्या मच्छीमार गावातल्या चार भावांची गोष्ट, अर्धवट बांधलेलं घर, खाडी, जाळी. मग 'ई.मा.यौ.' दाखवला, किनाऱ्यावरच्या गावातलं एक मरण आणि त्याच्या अंत्ययात्रेचा खर्च, पाऊस, बँडवाले. मी हसत होतो आणि रडत पण होतो, कारण हे सगळं आमच्या वाडीत होऊ शकतं. आणि मग त्याने विचारलं, आता तुझा एक दाखव. एकच.

आणि इथे माझी सगळी यादी गळपटली की हो! माझा खरा आवडता म्हणजे 'अशी ही बनवाबनवी', १९८८ चा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. गणपतीत भाड्याने टीव्ही आणि व्हीसीआर आणायचे, खळ्यात तरट टाकून रात्रभर तीन पिक्चर, त्यातला एक हा ठरलेला, आणि पुढचं वाक्य काय येणार ते माहीत असून सगळी वाडी ते यायच्या आधीच हसायची. पण सबटायटल लावून तो पिक्चर दाखवणं म्हणजे सोलकढी उकळून देण्यासारखं आहे, फाटते. मी दहा मिनिटं प्रयत्न केला, प्रत्येक वाक्य थांबवून समजावलं, तो सभ्य माणूस, तो हसला सुद्धा, पण कुठे हसायचं ते माझ्या तोंडाकडे बघून.

त्यात आमच्या मेसमधला एक विजयवाड्याचा, तो मागून म्हणतो, हा तर आमचा पिक्चर! आणि खरंच, तेलुगूत त्याचा रिमेक झालेला आहे. मी छाती काढून म्हटलं, आमचा आधीचा. मग नीट बघितलं तर आमचा पण हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान' वरून. हे ग्रुपवर टाकलं तेव्हा मराठी अस्मितावाले दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते. वर मी मीठ चोळलं, की आपण ज्याला अस्सल कोकणी म्हणतो तो 'नारबाची वाडी' पण बंगाली नाटकावरून आलाय, बंगालीत तपन सिन्हांनी १९८० ला त्याच्यावर पिक्चर केला होता. म्हाताऱ्याचा जीव बागेत अडकलेला, हे बंगालात चालतं आणि सावंतवाडीत पण चालतं, यात कमीपणा कसला ते मला अजून कळलेलं नाही.

शेवटी रूममेटला मी 'किल्ला' दाखवला. अविनाश अरुणचा, बर्लिनला २०१४ ला मुलांच्या विभागात बक्षीस मिळालेला. बाप गेलेला पोरगा, आईची बदली कोकणात, नवीन शाळा, पाऊस, समुद्र. त्यात बोलणं कमी आहे म्हणून चाललं. तो म्हणाला, हे तर केरळ आहे. मी म्हटलं, नाही, हे माझं घर आहे, आणि का कोण जाणे माझा आवाज जरा चढला.

मग त्याने जो प्रश्न विचारला तो मला अजून टोचतोय. तो म्हणाला, आमच्याकडे कासरगोडवाला पिक्चरमध्ये कासरगोडसारखं बोलतो, मलप्पुरमवाला मलप्पुरमसारखा, आम्ही त्रिशूरवाले ते ऐकून ओळखतो. तू फोनवर आईशी जे बोलतोस त्या बोलीतला पिक्चर कुठला? मी 'वस्त्रहरण' म्हटलं, पण ते नाटक, गंगाराम गवाणकरांचं, मच्छिंद्र कांबळींनी हजारो प्रयोग केले, आमच्या घरात कॅसेट पाठ. पिक्चर कुठला? पिक्चरमध्ये मालवणी बोलणारा माणूस मी लहानपणापासून बघतोय तो बहुतेक वेळा गडी, नाहीतर हवालदार, नाहीतर भुताची गोष्ट सांगणारा म्हातारा. तो तोंड उघडतो ते लोकांनी हसावं म्हणून. त्याला कर्ज नाही, प्रेम नाही, राग नाही. २०२५ ला 'दशावतार' आला, दिलीप प्रभावळकर, तो सुट्टीत बघितला आणि खूप बरं वाटलं, पण एका हाताच्या बोटांवर मोजायची वेळ येते हे खरं ना? 'श्वास' ला २००४ ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'श्यामची आई' नंतर पन्नास वर्षांनी एखाद्या मराठी पिक्चरला तो मिळाला, आणि त्यातला आजा आणि नातू पण कोकणातलेच. म्हणजे दोन्ही वेळा देशातलं पहिलं बक्षीस कोकणाच्या पोराने आणलं आणि तरी आमची बोली कॉमेडीच्या खुर्चीत.

हे मी लांबलचक लिहून ग्रुपवर टाकलं. आणि ज्याच्या यादीत सहा डब केलेले होते, त्याची स्वतःची होडी आहे, त्याने एकच वाक्य लिहिलं, "तुका पाऊस बघूचो हा, आमका पागोळ्यो मोजूच्यो लागतत." मग फोनवर बोलला पण. म्हणाला, दिवसभर मासळीचा भाव आणि डिझेलचा भाव, वर लाईट नाही, रात्री मोबाईलवर मी परत पाऊस आणि गळकं घर कशाला बघू, मला एक माणूस वीस जणांना उडवतो ते बघू दे. मला उत्तर सुचलं नाही. कारण मस्कतला वर्षातून चार वेळा पाऊस पडला तरी बातमी होते, मी मत्रहच्या किनाऱ्यावर उभा राहतो, समुद्र तोच, पण इथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि आमच्याकडे समुद्रात बुडतो, हे बघूनच मला गलबलतं, तर पावसाचा पिक्चर मला आवडणारच. बाहेर राहणाऱ्याने घरच्यांना 'चांगलं बघा' म्हणून सांगणं म्हणजे चाकरमान्याने मे महिन्यात येऊन नळ्यांचं, म्हणजे कौलांचं, घर पाडू नका म्हणून सांगण्यासारखं आहे. नळे दर वर्षी परतायचे कोणी, तू?

पण एवढं मान्य करून सुद्धा बोलीचा मुद्दा मी सोडला नाही. होडीवाल्याला म्हटलं, तू केरळवाल्यांचा एक बघ, मग शिव्या घाल. बरेच दिवस काही नाही. मग एका रात्री, त्याच्याकडे एक वाजून गेलेला, व्हॉइस नोट आली. 'कुंबळंगी नाइट्स' मध्ये रात्री खाडीचं पाणी निळं पेटतं तो सीन आहे, तिथपर्यंत तो पोचला होता. "मेल्या, तां पाणी पेटता तसा आमच्याकडे पण पेटता, थंडीत रात्री होडी घेवन गेलंस की वल्ह्याक उजेड लागता, ह्येचो पिक्चर कोणी काढलो नाय तो?"

मी ती नोट ग्रुपवर टाकली. आता तिथे वाद चाललाय, पाणी जास्त कुठे पेटतं, देवगडला की निवतीला.