मावशीचे चार सेकंद

“ॲपच करतं ना गं हे सगळं? मलाही पाठव ना त्याचं नाव.”

परवा रात्री मामांच्या घरी टीव्हीवरचा व्हिडिओ संपला, खोलीतले दिवे अजून पुरते लागलेही नव्हते, तेवढ्यात माझ्या मामेभावाच्या बायकोनं हे विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं. तेच जास्त लागलं. मी हसले, बटाटेवडा उचलला आणि “हो, पाठवते” म्हटलं. अजून पाठवलेलं नाही. पाठवणारही नाही.

थोरल्या मामांचं सहस्रचंद्रदर्शन झालं डोंबिवलीच्या एका हॉलमध्ये. “व्हिडिओवाले नकोत, डोळ्यांत दिवे मारतात,” असं मामांनी बजावलेलं. त्यामुळे ज्याच्या हातात फोन होता त्यानं शूटिंग केलं आणि सगळा माल माझ्याकडे आला. “तुला येतं ना ते एडिटिंग, जरा प्रोफेशनल करून दे.” दळण टाकून ये म्हणावं इतक्या सहज.

मालाचं वर्णन ऐका. अर्ध्या लोकांनी फोन उभा धरलेला, अर्ध्यांनी आडवा. एका भाच्यानं उभा धरून सुरुवात केली आणि मामींनी मामांना ओवाळायला घेतलं नेमक्या त्याच क्षणी “अरे हो” म्हणून आडवा केला. बऱ्याच क्लिपा व्हॉट्सॲपवरून आलेल्या, म्हणजे वाटेतच पिळून निघालेल्या. हॉलच्या एका अंगाला खिडकी, दुसऱ्या अंगाला पिवळे दिवे, त्यामुळे मामांचं एकच धोतर एका क्लिपमध्ये निळसर आणि दुसरीत केशरी. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. त्या विजेवर ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, आणि फोनचं शटर त्या तालात नसलं की चित्रावरून काळे पट्टे सरकत राहतात. गुरुजींच्या अंगावरून असे पट्टे अख्खं पुण्याहवाचनभर खालून वर जात होते. शिवाय फोन सेकंदाला नेमकी 30 चित्रं घेतोच असं नाही. उजेड कमी झाला की तो आपल्या मर्जीनं कमीजास्त करतो, आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला ही मर्जी सोसत नाही. परिणामी मंत्र पुढे आणि गुरुजींचे ओठ मागे. सगळ्या क्लिपा आधी एका ठरावीक गतीवर, सेकंदाला 30 चित्रांवर, आणून घ्याव्या लागल्या. एवढं झाल्यावर कुठे एडिटिंग सुरू.

आणि एडिटिंग सुरू झाल्यावर वसंतकाका.

वसंतकाका म्हणजे कुसुममावशीचे यजमान. बँकेतून निवृत्त, शेवटची वर्षं इन्स्पेक्शनला होते. आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. “बघू, कुठवर आलंय,” म्हणत त्यांनी संध्याकाळचं फिरणं माझ्या घरात संपवायला सुरुवात केली. पायातल्या चपला दारात, चहा हातात, खिशात छोटी डायरी, आणि खुर्ची बरोबर माझ्या उजव्या खांद्यामागे. पहिल्यांदा नुसतं निरीक्षण केलं. मग घसा खाकरला.

“फूल उमलत नाही का गं?”

“कुठलं फूल, काका?”

“एका चित्रावरनं दुसऱ्यावर जाताना. आमच्या मेधाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये बघ, गुलाब उमलायचा आणि त्यातनं जावई यायचे. मग पान उलटायचं आणि विहीणबाई यायच्या.”

“आता तसं करत नाहीत, काका. सरळ कट करतात. कट केलाय हे बघणाऱ्याला कळूच नये, तेच कसब असतं.”

काकांनी चहाचा घोट घेतला. “कळणारच नसेल, तर तू काही केलंयस हे तरी कळणार कसं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली, तेव्हा निदान समोर कॅमेरा दिसत होता. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी कोऱ्या फिल्मला रात्री बसून भोकं पाडली, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या, वर सगळ्यांचा स्वयंपाक केला, आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’चं तिकीट काढून बसलेल्या कुणालाही त्यातलं काही दिसलं नसणार. फक्त त्यांना “ॲपच करतं ना” असं विचारायची सोय अजून निघालेली नव्हती.

तर काका. पुढच्या फेरीत त्यांनी माझा खांदा हलवला.

“थांब, थांब. मागे घे. कुसुम कुठे गेली?”

आता यात खरंच तांत्रिक भानगड होती. हलणारं चित्र स्थिर करायचं तर सॉफ्टवेअर ते जरा मोठं करतं आणि हिसक्यांची भरपाई म्हणून आत सरकवत राहतं. यात कडा कापल्या जातात. मावशी बिचारी कडेला उभी होती. स्थिर केल्यावर तिचा एक खांदा आणि पदराचा काठ उरला. मी हे सगळं समजावलं, अगदी स्क्रीनवर चौकट काढून दाखवलं.

“मग हलू दे की!” काका म्हणाले. “भूकंप झाला तरी चालेल, पण कुसुम दिसली पाहिजे.”

“पण प्रोफेशनल...”

“कुसुम दिसत नाही ते कसलं प्रोफेशनल?”

आणि डायरी उघडली. मला वाटलं, हिशेब विसरू नये म्हणून दुधाचं काहीतरी लिहिलेलं असेल. तर आखीवरेखीव दोन रकाने! डावीकडे नावं, उजवीकडे सेकंद. गेले काही दिवस हा माणूस माझ्या पाठीमागे बसून मनगटी घड्याळावर प्रत्येक नातेवाइकाची मोजदाद करत होता.

“थोरली सून, 11. शेखरचा मुलगा 9, आणि त्यातले 3 जांभईत. केटररचा माणूस 5. कुसुम, 4. मामांची सख्खी धाकटी बहीण! आणि केटररपेक्षा एक सेकंद कमी!”

“काका, तो जिलबी तळतोय. तो शॉट चांगला आलाय.”

“कुसुमला जिलबी तळायला लावली असतीस तर दिलेस असते का 5?”

विचारात पडण्यासारखा प्रश्न आहे, पण मी पडले नाही. मी मावशीचे 4 चे 7 केले. काकांनी 4 वर काट मारून, बाजूला 7 लिहून, सही केली.

मग मागणी आली तिला “जरा उजळ” करण्याची. इथे मात्र माझं डोकं फिरलं. रंग तपासायला सॉफ्टवेअरमध्ये वेक्टरस्कोप नावाचा गोल आलेख असतो आणि त्यात त्वचेच्या रंगाची एक तिरपी रेषा आखलेली असते. माणूस गोरा असो की काळासावळा, उजेड नीट असेल तर त्याची त्वचा त्या एकाच रेषेच्या आसपास पडते, कारण फरक असतो तो गडद-फिक्याचा. मी काकांना दाखवलं, हे बघा मामा, ही मावशी, हा जिलबीवाला, सगळे एका रेषेवर. काकांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “हो, पण आपली जरा वर घे.” ज्या घरात अजूनही मुलगी बघायला गेल्यावर पहिला प्रश्न रंगाचा असतो, त्या घरात आलेख दाखवून काय होणार आहे? मी सावल्या किंचित मोकळ्या केल्या, चेहऱ्याला हात लावला नाही, आणि “केलं” म्हणून सांगितलं. ते खूश.

मध्येच त्यांना समारंभाच्याच वैधतेची शंका आली. हजार पौर्णिमा, वर्षाला 12, म्हणजे 83 वर्षं 4 महिने. मामांना तर 81 वंही अजून पुरतं व्हायचंय! “म्हणजे सगळं मुदतीआधीच झालं की!” 19 वर्षांत 7 अधिक महिने येतात, ते धरले की हजार पौर्णिमा 80 वर्षं 10 महिन्यांच्या सुमाराला भरतात, हे मी कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं तेव्हा कुठे मामांचे चंद्र मंजूर झाले. त्या दिवशी एडिटिंग शून्य.

शेवटी मुख्य मुद्दा निघाला. तोवरचं सगळं बहुधा प्रास्ताविक होतं.

“त्या शरदला काढता येतो का?”

शरदमामा म्हणजे मामांचे चुलतभाऊ. मेधाच्या लग्नात त्यांनी दिलेलं आहेराचं पाकीट रिकामं निघालं होतं. घाईत नोट घालायची राहिली, असं शरदमामा म्हणतात. काकांनी ती नोंद 1998 पासून येणे बाकीत धरलेली आहे.

“काका, ते मामांच्या शेजारी उभे आहेत.”

“धूसर कर. बातम्यांमध्ये करतात तसा.”

“आरोपी वाटतील.”

“मग?”

मी नाही केलं. शरदमामा राहिले, 6 सेकंद. काकांनी डायरी मिटली, चहा अर्धा ठेवून उठले आणि पुन्हा फिरकले नाहीत. खरं सांगायचं तर त्या शांततेत मी चांगलं काम केलं. मामी औक्षणाला उठायच्या आधीच त्यांच्या बांगड्यांचा आवाज ऐकू येतो आणि मग त्या दिसतात. पंख्याची घरघर काढली. पिवळं आणि निळं धोतर एकाच पांढऱ्यावर आणलं.

परवा ते सगळं मामांच्या टीव्हीवर लागलं. टीव्ही ‘व्हिविड’वर, म्हणजे रंग भडक करणाऱ्या सेटिंगवर. धोतर पुन्हा निळं, जिलबीवाला लालबुंद. मी रिमोट मागितला तर कुणीतरी म्हणालं, “राहू दे गं, मस्त रंग आलेत.” बांगड्यांच्या आवाजाच्या वेळी शेखर कोकमाच्या सरबताचे ग्लास मोजत होता. आणि मग ते ॲपचं. व्हिडिओवाल्याला बोलावलं असतं तर त्याला “कॅमेराच करतो ना हे सगळं?” असं कुणी विचारलं नसतं. त्यानं बिल पाठवलं असतं. घरातल्या बाईनं रात्री जागून केलेलं काम आपोआप झालेलं असतं, हा शोध काही या सॉफ्टवेअरनं लावलेला नाही.

निघताना वसंतकाकांनी जिन्यात गाठलं. “आमच्यापुरती एक वेगळी प्रत दे. शरदशिवायची.”

या वेळी मी हो म्हटलं. शरदमामा हॉलच्या पायऱ्या चढतात ती 5 सेकंदांची क्लिप एका पोरानं चुकून स्लो मोशनमध्ये काढली होती, सेकंदाला 240 चित्रं. बाकीच्या क्लिपा संथ करायला गेलं तर गचके खातात. ही आठपट संथ केली तरी लोण्यातून सुरी. मागे सनई घातली, पायऱ्यांच्या वरच्या टोकाला एक गुलाब उमलवला आणि त्यातून शरदमामा बाहेर आले. 40 सेकंद.

प्रत आज सकाळी काकांना पाठवली. दोन निळ्या खुणा आल्या आहेत.