वाद्यवृंदात स्वागत आहे, कान घरी ठेवून ये

यादीत तुझे नाव आले, अभिनंदन. निवड ऑगस्टमध्ये झाली आणि गॅदरिंग डिसेंबरच्या अखेरीस, म्हणजे हाताशी चांगले चार महिने आहेत असे तुला वाटेल. त्यातून गणपती, सहामाही, दिवाळीची सुट्टी, क्रीडास्पर्धा आणि सहल वजा कर. शिवाय गणिताच्या बाईंनी 'फक्त आजच्या दिवस' म्हणून मागून नेलेले संगीताचे तास वजा कर. उरेल तेवढ्यात वाद्यवृंद बसवायचा आहे, तेव्हा नियम आधीच पाठ झालेले बरे.

सरांनी एक कागद दिला असेल. वेळेवर यावे, वाद्य स्वतःचे समजून जपावे, घरी रोज सराव करावा, वाजवताना दुसऱ्याचे ऐकावे, वगैरे. त्यावर बाबांची सही घे आणि विसरून जा. सर तोच कागद दरवर्षी नव्याने काढतात, यावरून तो किती पाळला जातो हे कळतेच. मी सांगतो ते नियम कुणी लिहून देत नाही, पण शाळाशाळांत ते जिवापाड पाळले जातात.

सुरुवात वाद्यापासून. कोणते वाद्य मिळणार याचा तुला काय येते याच्याशी काही संबंध नाही. ज्याच्या घरी कीबोर्ड आहे तो कीबोर्डवादक. ज्याच्या काकांचे भजनी मंडळ आहे तो तबलजी. ज्याच्या वडिलांनी शाळेला ऑक्टोपॅड भेट दिला त्याला ऑक्टोपॅड, मग त्याला तालातल्या टाळी (ठोक्याची मात्रा) आणि खाली (बिनठोक्याची) यांतला फरक कळो न कळो. ऑक्टोपॅडला आठ रबरी चौकोन असतात आणि कुठल्याही चौकोनाला काठी लावली की काहीतरी मोठे घडते. काच फुटल्याचाही आवाज निघतो. तो ईशस्तवनात एकदा तरी काढून बघितलाच पाहिजे. नाहीतर देणगीचा उपयोग काय?

उरलेल्यांच्या नशिबी झांज, खुळखुळा आणि ट्रँगल. ट्रँगल मिळाला म्हणून हिरमुसू नकोस. (खरे सांगायचे तर अख्ख्या ताफ्यात अवघड काम तेच. चोवीस मात्रा (तालाचे ठोके) गप्प उभे राहायचे आणि पंचविसावीला एकच 'टिंग'. ढोलकीची चुकलेली थाप गर्दीत खपून जाते, ही 'टिंग' एक मात्रा अलीकडे पडली तरी शेवटच्या रांगेतल्या आजींना कळते.) यावर परंपरागत उपाय असा की मात्रा मोजायच्याच नाहीत. शेजारच्या खुळखुळेवाल्याकडे बघायचे. तोही तुझ्याकडेच बघत असतो. दोघांचे एकमत झाले की वाजवून टाकायचे.

पेटी वाट्याला आली तर तिची नीट ओळख करून घे. शाळेची पेटी वर्षातला बराचसा काळ प्रयोगशाळेच्या कपाटावर, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली काढते. तिची एक पट्टी दाबली की वर येत नाही आणि एक न दाबताच वाजते. भाता हलवला की आपणहून बोलणारा तो कोमल धैवत (उतरलेला 'ध') तुमच्या वाद्यवृंदाचा कायम सभासद आहे. गाणे कोणतेही असो, तो येणारच. दुरुस्तीचा अर्ज केलेला आहे. ज्या सरांनी केला ते निवृत्त झाले.

कुणी जाणता म्हणेल, पेटीत खरे सूर असतातच कुठे? त्याचे चूक नाही. सप्तकाला बाराच पट्ट्या, मधल्या श्रुतींना (सुरांमधल्या बारीक सुरांना) जागा नाही, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) काढायची सोय नाही. असल्याच तक्रारींवरून आकाशवाणीने १९४० साली पेटीला स्टुडिओबाहेर काढले, आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडले. शाळा एवढी निष्ठुर नसते. इथे बारांतल्या दहा पट्ट्या वाजल्या तरी पेटी उत्तम स्थितीत आहे असा शेरा पडतो.

आता सूर जुळवणे. पेटीचे सूर ऐन वेळी हलत नाहीत, म्हणून तबल्याने तिच्याकडे यायचे असते. फार फरक असेल तर आधी गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) सरकवायचे, मग गजऱ्यावर (कातड्याच्या कडेच्या गोफावर) हातोडी मारत सोळाही घरे एका सुरात आणायची. या कामाला शांतता लागते. ती मिळू न देणे हे वाद्यवृंदातल्या इतर सर्वांचे कर्तव्य आहे. तबलजीने पुडीजवळ (तबल्याच्या कातड्याजवळ) कान नेला की तू ताबडतोब सिनेमातल्या त्या गाण्याची ओळ काढ, जी तुला अर्धीच येते. अर्धीच, पण पुन्हा पुन्हा. बासरीवाल्याने त्याच वेळी दुसरे गाणे धरावे. कीबोर्डवाल्याने 'डेमो'चे बटण दाबून मोकळे व्हावे. सर 'शांत!' म्हणून ओरडले तर प्रत्येकाने आपापली ओळ पुरी करून मगच थांबायचे. हातातली कला अर्धवट सोडू नये.

तबला लावण्याची उत्तम वेळ म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चार. मैदानातल्या स्टेजवर ऊन असते, कातडे कडक तापून सूर चढलेला असतो. तो ठोकून ठोकून खाली आणावा, पेटीला अगदी तंतोतंत मिळवावा, आणि तबला तसाच उघडा ठेवून सगळ्यांनी वडापाव खायला जावे. पाहुणे साडेसहाचे साडेआठला येतात. तोवर दव पडायला लागते, कातडे सादळते आणि तबला पेटीच्या खाली उतरून बसतो. बासरीचे उलटे. ती थंड असताना खाली बोलते, फुंकून फुंकून गरम झाली की चढते. म्हणजे एक वर गेलेली, एक खाली गेलेला आणि पेटी मधोमध. तिघांची सरासरी काढली तर पट्टी (गाण्याचा मूळ सूर) बरोबर येते, आणि सरासरी तुम्हाला उत्तम येते. संगीताच्या तासाला बाईंनी तीच तर शिकवली.

पट्टीचा विषय निघालाच आहे तर तोही संपवू. मुलींना काळी चार (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर) सोयीची. नववीच्या मुलांचे आवाज फुटायला लागलेले, ते कुठल्या दिवशी कुठे बसतील हे त्यांचे त्यांनाही माहीत नसते. सगळ्यांना झेपेल अशी पट्टी शोधायची तर दोन-तीन दिवस प्रत्येकाला ऐकत बसावे लागेल. एवढे कोण करतो? पट्टी पेटीवाला ठरवतो, आणि पेटीवाल्याला फक्त पांढरी एक येते. मग मुली खालच्या सुरांना पुटपुटतात, मुले वरच्या सुरांना नुसते तोंड उघडतात, आणि दोघांनाही जमते असा मधला भाग धृपदात एकदाच येतो. तिथे टाळ्या पडतात.

कीबोर्डवाल्याला ही अडचण नाही. त्याच्याकडे ट्रान्सपोजचे बटण आहे. बोटे पांढरी एकवरच ठेवायची, आवाज हव्या त्या पट्टीत येतो. ईशस्तवनाला त्याने हे बटण दाबले आणि स्वागतगीताला ते काढायचे राहिले, की गाण्याच्या पहिल्याच आघाताला प्रेक्षकांत एक थरार पसरतो. पेटी एका पट्टीत, कीबोर्ड दुसऱ्या, गाणारी मुलगी बिचारी कधी हिच्याकडे कधी त्याच्याकडे. अशा वेळी काय करावे? जोरात वाजवावे. ज्याचा आवाज मोठा त्याची पट्टी. हात थांबवून क्षणभर ऐकण्याचा मोह होईल, तो कटाक्षाने टाळ. ऐकले की आपलेच चुकले आहे हे कळण्याचा धोका असतो, आणि तोही चार पाहुण्यांसमोर.

काही उत्साही सर स्वरलिपी, म्हणजे गाण्याचे सूर खुणांनी, लिहून देतात. तो कागद स्टँडवर लावायला छान दिसतो, वाचण्याचे कारण नाही. तरी कुणी विचारलेच तर एक हुकमी उत्तर तयार ठेव. विष्णु नारायण भातखंड्यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर ठिपका दिला की तो तार (वरच्या) सप्तकातला. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीत डोक्यावर ठिपका म्हणजे मंद्र (खालचा). तार सप्तकाला उभी रेघ. तेव्हा तू वरचा वाजव की खालचा, दोघांपैकी एका विष्णुबुवांचा तुला आशीर्वाद आहे. सर शिकले कुठल्या पद्धतीत हे चुकूनही विचारायचे नाही. विचारले तर ते सांगतील, आणि मग तसे वाजवावे लागेल.

लय मात्र चढतीच पाहिजे. राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागावेत असे सरकारने ठरवून दिले आहे, तिथे हात बांधलेले. बाकी कुठल्याही गाण्याला असा जाच नाही. केरवा (आठ मात्रांचा ताल) सुरू कर संथ, पहिल्या कडव्यानंतर जरा पुढे ने, दुसऱ्यानंतर आणखी. गाणारे मागे पडले तर ते त्यांचे कच्चेपण. आणि गाणे संपले तरी ऑक्टोपॅडवाल्याने तिहाई (तोच तुकडा तीनदा) टाकल्याशिवाय थांबू नये. ती समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आली नाही तर आणखी एक टाकावी.

प्रत्यक्ष कार्यक्रमात तुमची बैठक स्टेजच्या मागच्या कडेला, फलकाला पाठ लावून, एका ओळीत असेल. पुढे पाहुण्यांच्या खुर्च्या, त्यांच्यापुढे समई, त्याच्यापुढे सर. म्हणजे सरांचा हात तुम्हाला दिसणार नाही. दिसला असता तरी उपयोग नव्हता, कारण त्या घटकेला त्यांना समईसाठी काडेपेटी शोधायला पिटाळलेले असते. माइक पाच. एक निवेदकाला, एक पाहुण्यांना, एक अध्यक्षांना, एक गाणाऱ्या मुलीला आणि एक अख्ख्या वाद्यवृंदात. तो डग्ग्यापाशी लावलेला असतो. मग पेटी ऐकू जावी म्हणून साउंडवाला तोच माइक वाढवतो, डग्गा घुमतो, स्पीकर शिट्टी मारतो, आणि साउंडवाला सगळ्यांत आधी पेटी कमी करायला सांगतो. त्याच्याशी वाद घालू नकोस. 'हॅलो, माइक टेस्टिंग' एवढीच तालीम त्या यंत्रणेवर झालेली असते आणि ती निर्दोष झालेली असते.

पाहुणे येईपर्यंत 'काहीतरी वाजवत राहा' असा निरोप येईल. जे बसवले ते सगळे वाजवून टाका. पाहुणे आले की 'वेळेअभावी एकच कडवे' असा दुसरा निरोप येईल. ते कडवे चालू असताना तुझी आई मोबाइल घेऊन स्टेजपाशी येईल; तिच्याकडे बघून हस. मध्येच कुठे चुकले तर वाजवणे थांबव, मान वळव आणि शेजारच्याकडे रागाने बघ. चित्रफितीत आवाज नीट येत नाही, ही मान मात्र स्पष्ट येते. चूक कोणाची होती याबद्दल घरी पुढची काही वर्षे शंका राहत नाही.

फेब्रुवारी उजाडला की सगळे विसरायचे, कारण दहावी. फक्त घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेव: शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षा पास केल्या असतील तर दहावीला वाढीव गुण मिळतात. ज्या बाबांनी चार महिने 'हे पेटी बडवणे पुरे' म्हणून डोके उठवले, तेच आता प्रवेशिकेचा (संगीताच्या सुरुवातीच्या परीक्षेचा) अर्ज कुठे मिळतो हे विचारायला सरांच्या घरी जातील. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते चांगल्या घरातली मुले गाण्याकडे वळावीत म्हणून. आता वळतात. प्रस्ताव शाळेमार्फत जातो, मुदत असते, आणि ती मुदत वाद्यवृंदाच्या इतिहासात कुणी चुकवलेली नाही.

आणि हो, जाताना तबल्याची हातोडी मागतील. शाळेची हातोडी गेल्या वर्षीच्या तबलजीकडेच राहिली, असे सांग. त्यानेही असेच सांगितले होते.