पुढच्या साथीत लस टाळू इच्छिणाऱ्यांसाठी

पुढची साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. तेव्हा लस न घेण्याची तयारी आपण आतापासूनच करून ठेवावी. प्रथम, वाडीतल्या आशाताईंचे काही ऐकू नये. त्यांनी आपल्या मुलांना पोलिओचे थेंब पाजले असतील, सुनेला अडल्या रात्री दवाखान्यात नेले असेल. पण त्यांना आपण ओळखतो, हाच त्यांचा मोठा दोष. त्याऐवजी मोबाइलवर फिरून फिरून आलेला, कोणी लिहिला ते ठाऊक नसलेला मजकूर प्रमाण मानावा. कोरोनाची लस घेणारा दोन वर्षांत मरतो, असे २०२१ मध्ये त्यात आले होते. ती दोन वर्षे केव्हाच सरली आणि टोचून घेतलेले शेजारचे आजोबा अजूनही पडवीत बसून सुपारी सोलतात, तिकडे पाहू नये. ओळखीचा माणूस धडधाकट दिसला की भीती पातळ होऊ लागते. वॉल्डेमार हाफकिन यांनी तर १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली होती. असली उदाहरणे घातक असतात.

मात्र सारे श्रेय आपण लाटू नये, सरकारचाही हातभार असतो. १ मे २०२१ पासून लस १८ वर्षांवरील सर्वांना खुली झाली, पण त्यासाठी कोविन या सरकारी संकेतस्थळावर आधी वेळ नोंदवावी लागे. रेंज मिळावी म्हणून आपण सड्यावर चढेपर्यंत शहरातल्या चपळ बोटांनी गावच्या केंद्रातल्या जागा भरून टाकाव्यात आणि सकाळी त्यांच्या मोटारी दारात उभ्या राहाव्यात, अशी ती सोय होती. अशा वेळी ‘मिळाली नाही’ असे न म्हणता ‘मला नकोच होती’ म्हणावे. कोकणात द्राक्षे पिकत नसली तरी आंबट लागतात. त्याच महिन्यात कोविशील्डच्या दोन मात्रांमधले अंतर १२ ते १६ आठवडे झाले. ते नव्या अभ्यासामुळे वाढले की टंचाईमुळे, हे वाडीपर्यंत येऊन कोणी समजावू नये. शंकेला अशीच मोकळी जमीन मानवते.

इतके सांभाळल्यावर एकच धोका उरतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईत दुसरी मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना लोकल खुली झाली, आणि ‘हा सगळा कट आहे’ असे फोनवर बजावणारे आपले चाकरमानी भावोजी गणपतीला आले ते प्रमाणपत्र लॅमिनेट करूनच. त्यांच्याशी वाद घालू नये. आरती आटोपल्यावर, दंड किती दिवस दुखला, एवढेच हळूच विचारून घ्यावे आणि तिन्हीसांजेला आशाताईंकडे मागील दाराने जावे.