शॉशँकला न्याय मिळालाच पाहिजे

ऑस्करची नामांकनं जाहीर झाली की माझ्या अंगात येतं. एरवी मी शांत माणूस, पण कुणी नुसतं विचारलं की काय रे, यंदा बेस्ट पिक्चर कुणाला, की मी यंदाचं सोडून थेट 1941 मध्ये जातो, 'सिटिझन केन'ला डावलून 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली'ला दिलं तिथपासून सुरू करतो, मग 1998 चा 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन', मग 2005 चा 'ब्रोकबॅक माउंटन', आणि तोवर समोरचा उठून गेलेला असतो. बिचाऱ्याला फक्त वीकेंडला काय बघू एवढंच विचारायचं असतं.

पण खरी ठसठस 1994 ची. 'शॉशँक रिडम्प्शन'ला सात नामांकनं आणि शेवटी हातात भोपळा! 'फॉरेस्ट गम्प' सहा घेऊन गेला. चांगलाय हो गम्प, मी कुठं नाही म्हणतोय, पण तो धावायला लागला की थांबेपर्यंत माझी अंघोळ उरकते.

तर परवा घरात सगळे जमले होते, भाची म्हणाली, "मामा, किती रडशील, आपणच 1994 च्या त्या पाच सिनेमांवर मतदान घेऊ ना, ऑस्करसारखं." आता ऑस्करसारखं म्हणजे नुसते हात वर करून नाही. 2009 साली नामांकनं पाचाची दहा केली तेव्हापासून बेस्ट पिक्चरला पसंतीक्रम लावावा लागतो. निम्म्याहून जास्त पहिली पसंती कुणालाच नसली की तळाचा सिनेमा बाद, त्याच्या चिठ्ठ्या पुढच्या पसंतीला, परत मोजा, परत तळाचा बाद. बाकी सगळ्या विभागांत जास्त मतं तो जिंकला, हा उपद्व्याप फक्त इथेच.

हे दाजींना समजावण्यात माझा घसा बसला. सगळं ऐकून म्हणाले, "पण मी यातला एकही बघितला नाहीये. तो आमीरवाला गम्प अर्धा बघितलाय." म्हटलं चालतंय, सगळे सिनेमे बघितल्याशिवाय मत नाही हा नियम ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीने 2025 साली आणला, तोवर तिथेही विश्वासावरच चाललेलं.

नऊ चिठ्ठ्या आल्या. शॉशँक 4, 'पल्प फिक्शन' 2, 'फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल' 2, गम्प 1, 'क्विझ शो' शून्य. पाच झाले की जिंकलो, म्हणजे मला फक्त एक हवं होतं! क्विझ शो बाद झाला तर कुणी हूं की चूं केलं नाही. मग गम्प बाद. त्याची एकुलती एक चिठ्ठी दाजींची, दुसरी पसंती वेडिंग्ज. का? तर "नावात लग्न आहे, सगळ्यांना घेऊन बघता येईल."

मग पल्प बाद. त्या दोन चिठ्ठ्या भाचीच्या आणि माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या. दोघांनी शॉशँक पाचवा टाकलेला. पाचवा! जो क्विझ शो दोघांनी बघितला नाही त्याच्याही खाली! "अरे मामा, तो आयएमडीबीच्या रेटिंगमध्ये पहिला आहेच की, अजून किती लाड करायचे त्याचे?"

वेडिंग्ज 5, शॉशँक 4.

हे म्हणजे स्थळ ठरवण्यासारखं झालं, ज्याच्यावर चौघांचा जीव जडलाय तो राहिला बाजूला आणि ज्याला कुणाचीच फारशी हरकत नाही तो बसला बोहल्यावर. 2018 ला 'रोमा' सोडून 'ग्रीन बुक' कसा काय आला याबद्दल मला आता दाट संशय आहे.

2017 च्या सोहळ्यात 'ला ला लँड'चं नाव पुकारलं, त्यांची भाषणं सुरू झाली आणि मग कळलं की जिंकलाय 'मूनलाइट', तसा काहीतरी गोंधळ मलाही घालता आला असता, पण चिठ्ठ्या भाचीच्या मुठीत. मग मी शेवटचा पत्ता टाकला. म्हटलं, 1994 च्या सिनेमांना हा पसंतीक्रम लागूच नव्हता, तेव्हा सरळ ज्याला जास्त मतं तोच जिंकायचा, म्हणजे कायद्याने शॉशँक जिंकला!

"निकालानंतर नियम बदलायचे नाहीत, मामा."

ताई म्हणाली, जाऊ दे रे, एवढं काय. दाजी मात्र मोबाइल काढून बसले होते. "हा लग्नाचा कुठं बघायला मिळेल रे? पहिला आलाय म्हणजे चांगलाच असणार."