मरियेला नऊवारी नेसवली म्हणून

आज डोकं फिरलंय, आधीच सांगते.

आमच्या चर्चमधल्या पोरांनी यंदा नाताळचा गोठा फार गोड केला. मरियेला हिरवी नऊवारी, योसेफाला मुंडासं, मेंढपाळ म्हणून चक्क आपले धनगर, काठी-घोंगडीसकट. मरियेची नथ एका पोरीने सोनेरी तार वळवून केलेली. दुपारी कमिटीतले एक काका आले. "हे काय हिंदूंसारखं करून ठेवलंय? काढा आधी." तेवढ्यात कुणीतरी फोटो काढून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: 'आपल्या देवींची नक्कल करून भोळ्या लोकांना बाटवायचा नवा डाव.'

घ्या! एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांचं एका नथीवरून एकमत.

माझी आजी नगर जिल्ह्यातली. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मरियेची यात्रा भरते, तिथे ती दरवर्षी जायची. नऊवारी, डोक्यावर पदर, पिशवीत नारळ नि खण. एकदा एका तरुण फादरांनी तिला टोकलं, आजी, हे कशाला आणता? तर म्हणाली, "आईकडं रिकाम्या हातानं जायचं व्हय?" झालं. फादर गप्प. आता सांगा, ही बाई कुणाची नक्कल करत होती? ती तिच्या आईसारखी नेसत होती, तिच्या आजीसारखी.

आणि हे आजचंही नाही. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका, जन्म १९०२. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथांकडे शिकले आणि मरियेला साडी नेसवून चित्रं काढायला लागले. गोव्यातल्या आपल्याच लोकांना ते पचलं नाही, इतकी टीका केली की माणूस गाव सोडून पुण्याला आला. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिला, रंगवत राहिला, १९६७ साली पुण्यातच गेला. आता त्यांची चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये जपून ठेवलीत आणि आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. जिवंत होता तेव्हा काय केलं?

कवी ना. वा. टिळकांचंही तेच. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडले नाहीत, कीर्तन सोडलं नाही. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. इकडच्यांना ते अर्धवट ख्रिस्ती वाटले, तिकडच्यांना बाटगे. आणि वसईचे लेखक फादर दिब्रिटो? आयुष्यभर मराठीत लिहिलं, पण २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले तेव्हा काहींना त्यांचा फक्त झगा दिसला. अरे, इंग्लंडहून आलेले फादर स्टीफन्स मराठीत ओव्या रचत होते, त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. अजून किती शतकं आम्ही मराठी असल्याचे दाखले द्यायचे?

हो, गोव्यात इन्क्विझिशन झालं, चर्चच्या न्यायालयांनी धर्मावरून लोकांना छळलं, माहीत आहे मला. दुसऱ्यांच्या देवांना नावं ठेवणारे प्रचारक आपल्यात आहेत, तेही माहीत आहे. पण त्याचा जाब पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी वळवलेल्या तारेला विचारणार?

काकांचं मात्र, खरं सांगू, राग थोडा ओसरल्यावर कळतं. कॅरोल गायला पोरं बाहेर पडली तरी हल्ली घरच्यांचा जीव टांगणीला असतो. 'आपण आपलं वेगळं, गुपचूप राहू, कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये' असं त्यांना वाटत असेल. वाटू दे. पण मग इंग्रजी गाणी, थर्माकोलचा बर्फ आणि निळ्या डोळ्यांची मरिया, हे करून आपण कमी डोळ्यांवर येतो का? उलट ग्रुपवाल्यांना आयतंच मिळतं: बघा, हे परदेशीच! नगरच्या उन्हात रापलेल्या माझ्या आजीला कुणी परदेशी म्हणून दाखवावं. तिने नारळच हाणला असता.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की ती साडी माझ्या आईच्या कपाटातली आहे, हवी तर घडी मोडून बघून जा. त्यावर दोन अंगठे आले, बाकी शांतता.

उद्या सकाळच्या मिसेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, फादरांना भेटणार आहे. कमिटीने नाहीच ऐकलं तर गोठा आमच्या गॅलरीत लागेल, रस्त्यावरून स्वच्छ दिसतो. सोबत कोण येतंय ते कळवा. आणि कमेंटमध्ये मूर्तिपूजेवरची बायबलची वचनं टाकायच्या बेतात असलेल्यांनो, तुमच्या हॉलमधल्या लाल डगल्यातल्या सांताक्लॉजचं काय करायचं ते आधी ठरवा.