फोटो १८५३चा, पण राक्षस मध्ययुगातला नाही

पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलच्या कठड्यावर दोन्ही हातांत गाल धरून, जीभ बाहेर काढून शहराकडे बघणारा पंखवाला राक्षस आणि शेजारी उंच टोपीतला माणूस. हा फोटो हल्ली एका ठरावीक मजकुरासह फिरतो: "आठशे वर्षांपूर्वीचं शिल्प, १८५३चा अस्सल पुरावा. त्या काळी फोटोत फेरफार करताच येत नसत."

फोटोचं साल बरोबर आहे. तो शार्ल नेग्र यांनी काढला आणि टोपीवाले गृहस्थ म्हणजे त्यांचे छायाचित्रकार मित्र आंरी ल सेक. शिल्प मात्र आठशे वर्षांचं नाही. नोत्र-दामचा जीर्णोद्धार सुरू झाला १८४५च्या सुमारास आणि हा राक्षस घडवला गेला तो वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूक यांच्या कल्पनेतून. म्हणजे नेग्र यांनी कॅमेरा लावला तेव्हा शिल्प जवळजवळ नवंकोरंच होतं! छपराचं पाणी बाहेर टाकणारी पन्हाळी-शिल्पं मध्ययुगातही होती, त्यामुळे गफलत होते. पण या राक्षसाच्या तोंडातून पाणी पडत नाही. तो नुसता बसलेला आहे.

आता फेरफाराचं. त्या काळी निगेटिव्ह (जिच्यावर काळं-पांढरं उलटं उमटतं आणि जिच्यावरून फोटो छापतात) बऱ्याचदा कागदाची असे, आणि कागद कापता येतो, चिकटवता येतो, त्यावर कुंचला चालवता येतो. छायाचित्रकार एदुआर बाल्द्यूस यांनी १८५१मध्ये फ्रान्समधल्या आर्ल शहरातल्या सां-त्रोफीम चर्चच्या ओवरीचा फोटो केला. आत गडद सावली, बाहेर अंगणात लख्ख ऊन. एका निगेटिव्हमध्ये दोन्ही धरणं शक्यच नव्हतं. त्यांनी सुमारे दहा निगेटिव्ह कापून जोडल्या आणि सांधे हाताने रंगवून बुजवले. मला हा फोटो फार आवडतो. त्याला लबाडी म्हणवत नाही, पण 'फेरफार होतच नसत' हे विधान त्याच्यासमोर टिकत नाही. निळ्या प्रकाशाला निगेटिव्हवरचं रसायन इतकं संवेदनशील होतं की आकाश डागाळलेलं उमटे. तेही अनेकदा निगेटिव्हवर शाई फासून सपाट पांढरं केलं जाई.

म्हणून हे फोटो निकामी ठरतात का? मुळीच नाही. १८५१मध्ये फ्रान्सच्या स्मारक आयोगाने ल सेक आणि बाल्द्यूस यांच्यासह पाच जणांना देशभर पाठवलं, ते डागडुजीची गरज असलेल्या वास्तूंची नोंद करायलाच. ढासळत्या भिंती, झिजलेले चेहरे त्या फोटोंत तसेच दिसतात. फक्त प्रत्येक वेळी विचारायचं, हा फोटो वास्तूच्या दुरुस्तीच्या आधीचा की नंतरचा?

राक्षसाचा फोटो जरूर पाठवा. खाली एवढंच लिहा: छायाचित्र १८५३, शिल्प एकोणिसाव्या शतकातलं.